एअरबॅग नाही, पण सीट कव्हर नवीन आहेत!

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. ज्यांना सेकंडहँड गाडी घ्यायचीय किंवा ज्यांच्या दारात ती आधीच उभी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी लाईक नाही केलं तरी चालेल.

मागच्या रविवारी भाच्याबरोबर गाडी बघायला गेलो होतो. पोराला नोकरी लागली, घरात म्हातारी आजी, रोजचं बार्शी-सोलापूर. बजेट दोन-सव्वादोन लाख. रस्त्याकडेला पताका लावून गाड्या मांडलेल्या असतात, तिथं एक पांढरी हॅचबॅक बघितली. २०१४ चं मॉडेल, पासिंग एमएच-१३. एजंटनं सुरुवात केली, "साहेब, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी. चारही टायर नवे. टचस्क्रीन बसवलाय, रिव्हर्स कॅमेरा आहे, सीट कव्हर कालच घातलेत. एसी तर असला गार की स्वेटर घालावा लागंल."

मी विचारलं, "एअरबॅग?"

तो हसला. "काय राव साहेब, बेस मॉडेल आहे. या बजेटमध्ये कुठल्या एअरबॅग? आणि आपल्याला काय विमान चालवायचंय का?"

सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो.

रात्री मात्र झोप लागेना. कारण माझी स्वतःची गाडी. २०१८ मध्ये मी ती सेकंडहँड घेतली. अ‍ॅव्हरेज विचारलं, टायर बघितले, इंजिनचा आवाज ऐकला, कागदपत्रं तपासली. एअरबॅग आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. घरच्यांना घेऊन तुळजापूर, पंढरपूर, पुणे, कोकण सगळं केलं. त्या रात्री खाली जाऊन टॉर्च लावून स्टिअरिंग बघितलं. मधोमध कंपनीचा लोगो. आत हॉर्न. बाकी पोकळ.

माझा एक मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो. त्यानं मुलीला कॉलेजला जायला तिथली एकदम स्वस्तातली, खरचटलेली, २०१० ची छोटी गाडी घेतलीय. त्याला मेसेज केला, "तुझ्या पोरीच्या गाडीत एअरबॅग आहे का?" उत्तर आलं, "म्हणजे काय? गाडीत असतातच ना."

"असतातच ना." हे दोन शब्द डोक्यातून जात नाहीत, म्हणून ही पोस्ट.

एकाच कारखान्यातून दोन प्रकारची गाडी

आपल्याला वाटतं, परदेशातल्या गाड्या वेगळ्या, भारी कारखान्यात बनतात. तसं नाही. ह्युंदाईची आय-टेन चेन्नईजवळ बनायची आणि तिथूनच जहाजानं युरोपात जायची. २००८ साली युरो एनकॅप या संस्थेनं तिची धडक-चाचणी घेतली, तेव्हाच्या निकषांवर तिला चार स्टार मिळाले. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतात विकल्या जाणाऱ्या आय-टेनचं बिनएअरबॅगचं मॉडेल धडकवून बघितलं. स्टार किती? शून्य.

मारुतीची ए-स्टार आठवते? मानेसरला बनायची आणि सुझुकी अल्टो या नावानं युरोपात विकली जायची. तिथं एअरबॅग गाडीबरोबरच. इथं मात्र पाहिजे असेल तर वरचं मॉडेल घ्या, जादा पैसे मोजा. कारखाना आपला, कामगार आपले, रस्ता त्यांच्यापेक्षा अवघड आपला, आणि एअरबॅग त्यांना.

२०१४ च्या त्या पहिल्या चाचणीत पाच गाड्या होत्या. अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो. बिनएअरबॅगच्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य स्टार. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्विफ्ट आणि डॅटसन गो, दोघींनाही शून्य. २०१६ मध्ये क्विड, सेलेरिओ, ईको, स्कॉर्पिओ आणि इऑन यांच्या साध्या मॉडेलांना शून्य.

आता ही नावं परत एकदा वाचा आणि आपल्या गावातल्या सेकंडहँड बाजारात फेरी मारा. दोन-तीन लाखांच्या रांगेत याच गाड्या उभ्या आहेत. नव्या होत्या तेव्हा पेपरात बातमी आली, दोन दिवस टीव्हीवर चर्चा झाली, विषय संपला. गाड्या संपल्या नाहीत. पहिल्या मालकानं पाच-सहा वर्षं वापरली आणि मोठी गाडी घेतली. दुसऱ्यानं वापरली. आता तिसरा मालक आपल्यासारखा.

पोलोचा किस्सा तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. शून्य स्टारचा निकाल आल्यावर फोक्सवॅगननं बिनएअरबॅगची पोलो भारतातल्या विक्रीतून काढून टाकली. दोन एअरबॅगवाल्या पोलोला त्याच चाचणीत चार स्टार मिळाले. म्हणजे जे वर्षानुवर्षं "परवडत नाही, गिऱ्हाईक मागत नाही" म्हणून होत नव्हतं, ते चारचौघांत लाज गेल्यावर लगेच झालं.

हे फक्त आपल्याबरोबरच झालं का?

नाही. जिथं जिथं कायदा ढिला, तिथं तिथं झालं. मेक्सिकोत निसान त्सुरू नावाची गाडी होती. आपल्याकडं एकेकाळी काळी-पिवळी असायची, तशी तिथं टॅक्सीसाठी घरोघरी माहीत असलेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये एक चाचणी झाली. एका बाजूनं मेक्सिकोत विकली जाणारी त्सुरू, दुसऱ्या बाजूनं त्याच कंपनीची, अमेरिकेत विकली जाणारी व्हर्सा. दोन्ही आपापल्या बाजारातल्या स्वस्त सेडान, आणि समोरासमोर धडक. व्हर्साचा चालक किरकोळ मारावर वाचला असता. त्सुरूचा चालक मेला असता. ब्रँड एक, सीमेच्या अलीकडचा जीव वेगळा आणि पलीकडचा वेगळा. त्सुरूचं उत्पादन २०१७ मध्ये बंद झालं.

अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग सक्तीची आहे. गाडी घसरू नये म्हणून असते ती ईएससी यंत्रणा २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीची. म्हणून तिथला गरीब माणूस पंधरा वर्षं जुना डबा घेतो तेव्हाही त्या डब्यात एअरबॅग असते. ती त्यानं मागितलेली नसते, त्यासाठी वेगळे पैसे मोजलेले नसतात. कितीतरी वर्षांपूर्वी कुणीतरी कायदा केला, त्याचं फळ आज तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या पदरात पडतंय.

ब्राझीलचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तो काही श्रीमंतांचा देश नाही. तिथं जानेवारी २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला दोन एअरबॅग आणि एबीएस सक्तीचं झालं. फोक्सवॅगनची कोंबी व्हॅन, जी तिथं पन्नासहून जास्त वर्षं बनत होती, ती या नियमात बसेना. डिसेंबर २०१३ मध्ये तिचं उत्पादन बंद केलं. लोकांचा जीव होता त्या गाडीवर. तरी बंद केली.

आणि आपण? चालकाची एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना. शेजारी बसणाऱ्याची तर जुन्या चालू मॉडेलांमध्ये २०२२ उजाडल्यावर. म्हणजे मधली अडीच वर्षं कायद्याच्या लेखी चालवणाऱ्याचा जीव होता, शेजारी बसलेल्या बायकोचा नव्हता! सहा एअरबॅगची घोषणा झाली, ऑक्टोबर २०२२ ची तारीख दिली, ती ऑक्टोबर २०२३ वर ढकलली आणि शेवटी "सक्ती करणार नाही" म्हणून सोडून दिली. भारत एनकॅप ही आपली स्वतःची स्टार देणारी व्यवस्था सुरू झाली ऑक्टोबर २०२३ मध्ये. चांगली गोष्ट आहे. पण ती नव्या गाड्यांसाठी. आपल्या रांगेतल्या गाड्यांना कोण स्टार देणार?

"स्वस्त पाहिजे तर असंच मिळणार"

हा युक्तिवाद मला कमेंटमध्ये हमखास येणार, म्हणून आधीच उत्तर देतो.

पहिलं, "एअरबॅग घातली असती तर गाडी महाग झाली असती, माणूस मोटरसायकलवरच राहिला असता." यात तथ्य आहे. चौघं जण एका मोटरसायकलवर बसून जाण्यापेक्षा साधी कारही बरी, हे मला मान्य. पण मग एक सांगा, याच गाड्यांच्या ब्रोशरमध्ये बॉडीच्या रंगाचे बंपर, क्रोमची पट्टी, ब्लूटूथ कसं बसलं? वरच्या मॉडेलला आधी शोभेचं सामान आणि त्याच्याही वर, सगळ्यात टोकाला एअरबॅग, अशी उतरंड कुणी लावली? ज्याला जीव वाचवायचाय त्यानं आधी अलॉय व्हीलचे पैसे भरावेत, असा तो हिशोब होता. आणि २०२५ मध्ये अल्टो के-टेनलाही सहा एअरबॅग आल्याच की. जमत होतं. जमवायचं नव्हतं.

दुसरं, "आपल्याकडं एवढा स्पीड कुठं असतो?" ग्लोबल एनकॅपची ती चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होती. चौसष्ट! वैरागच्या पुढं मोकळा रस्ता लागला की आपण कितीनं जातो, हे मनाला विचारा.

तिसरं, "लोकच मागत नाहीत." हे खरं आहे आणि हे आपल्याला लागलं पाहिजे. आपण अ‍ॅव्हरेज विचारतो, रिसेल विचारतो, पार्ट गावात मिळतात का विचारतो. पण ब्रिटनमधल्या लोकांनीही आपणहून मागितलं नव्हतं. १९९७ मध्ये तिथं पहिल्यांदा धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर झाले, रोव्हर १०० ला एकच स्टार मिळाला. लोकांनी पाठ फिरवली आणि त्याच वर्षी ती गाडी बंद झाली. माहिती समोर आली की लोक मागतात. आमच्यापुढं माहिती ठेवणार कोण? ते काम खरं म्हणजे माझ्यासारख्यांचं होतं.

आता माझी चूक

वीस वर्षं बातम्या देतोय. अपघाताच्या किती दिल्या याची मोजदाद नाही. पहाटे फोन येतो, घटनास्थळी जातो, फोटो काढतो, पोलीस ठाण्यातून माहिती घेतो. बातमीचं वाक्य ठरलेलं. "चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने." वीस वर्षं हेच वाक्य लिहिलं. गाडी कुठल्या साली बनलेली, एअरबॅग होती का, असली तर उघडली का, बेल्ट लावला होता का, मागच्यांनी लावला होता का, यातलं मी काहीही लिहिलं नाही, कारण विचारलंच नाही. मेलेल्या ड्रायव्हरवर सगळं ढकललं की बातमी पूर्ण होते. तो उठून खुलासा द्यायला येत नाही.

केंद्राच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सीट बेल्ट न लावलेले १६,७१५. त्यातले जवळपास निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले. गाडी करोडपतीची, एअरबॅगवाली. पण मागं बसलेल्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. म्हणजे नुसती वस्तू असून भागत नाही, हेही तितकंच खरं. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला असते, बेल्टऐवजी नाही.

आणखी एक कडू गोष्ट. एअरबॅग बाहेरून आणून बसवता येत नाही. एखादा कारागीर "करून देतो" म्हणाला तर हात जोडा आणि निघा. २०१४ च्या चाचणीत तर अल्टो, नॅनो आणि आय-टेनचा सांगाडाच टिकला नव्हता. तिथं नुसती एअरबॅग घालूनही फारसा उपयोग झाला नसता. तेव्हा ज्यांच्याकडं अशी गाडी आहे (माझ्यासकट), त्यांनी निदान वेग कमी ठेवा, पुढच्या-मागच्या सगळ्यांनी बेल्ट लावा आणि पुढची गाडी घेताना पैसे टचस्क्रीनवर घालू नका.

ज्यांना आत्ता घ्यायचीय त्यांच्यासाठी

एक, आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा. पासिंगची तारीख नाही, उत्पादनाची. जुलै २०१९ नंतर बनलेली असेल तर चालकाची एअरबॅग आणि एबीएस असायलाच पाहिजे. २०२२ पासून बनलेली असेल तर पुढच्या दोन्ही.

दोन, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तरी गडबड, विझला नाही तरी गडबड. अपघातात एअरबॅग उघडून गेलेली असते, वर नुसतं कव्हर चिकटवतात आणि दिव्याची वायर काढून टाकतात. ही लबाडी ओळखायला शिका.

तीन, प्रत्येक बेल्ट, मागचेसुद्धा, झटका देऊन ओढा. अडकला पाहिजे. नव्या सीट कव्हरखाली मागच्या बेल्टचे बक्कल गाडले गेलेत का बघा. भाच्यानं बघितलेल्या त्या गाडीत गाडलेलेच होते.

चार, दिल्लीकडची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळू नका. तिथं दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल चालवायला बंदी आली आणि गाड्या एनओसी घेऊन इकडं आल्या. तिथं नको झालेली गाडी आपल्याकडं "फ्रेश पीस" म्हणून उभी राहते.

मागण्या

इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी तपासणी होते. एअरबॅगचा बिघाडाचा दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास. अमेरिकेत डीलरला जुन्या गाडीच्या काचेवर वॉरंटी आहे की "आहे तशी" हे सांगणारा कागद लावावाच लागतो, १९८५ पासून. आपल्याकडं खासगी गाडी एकदा पासिंग झाली की पंधरा वर्षं तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. पीयूसी काढली की झालं. धुरासाठी तपासणी आहे, माणसासाठी नाही.

म्हणून साध्या मागण्या आहेत. आरसीवर आणि परिवहनच्या पोर्टलवर त्या गाडीत किती एअरबॅग आहेत, एबीएस आहे का, हे स्पष्ट लिहा. कंपनीकडं चासी नंबरनुसार ही माहिती असते, नवीन काही शोधायचं नाही. जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम आलेत, पण त्यांचा भर मालकी आणि कागदपत्रांवर आहे. त्यातच काचेवर माहितीचा कागद सक्तीचा करा. सदोष गाड्या परत बोलावण्याचा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू आहे, ती मर्यादा काढा. सात वर्षांनी गाडी गरिबाकडं जाते, नेमकं तेव्हाच संरक्षण संपतं, हा कुठला न्याय?

आमदार-खासदार मंडळी, तुमच्या सगळ्यांच्या गाड्यांना सहा-सहा एअरबॅग आहेत. आनंद आहे. एक निवेदन मी तयार करतोय, सह्यांसाठी तुमच्याकडं येईन. चहा नको, सही द्या.

माझ्यापुरतं इतकंच. यापुढं माझ्या अपघाताच्या बातमीत गाडीचं उत्पादन वर्ष, एअरबॅग आणि बेल्ट या तीन गोष्टी असतील. नसल्या तर कमेंटमध्ये मला धारेवर धरा.

भाच्यानं ती पांढरी गाडी घेतली नाही. एजंट मागून ओरडत होता, "अहो साहेब, पाच हजार कमी करतो!" पोरगं म्हणालं, "मामा, अजून सहा महिने एसटीनं जाईन. थोडे पैसे साठवतो."

तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर काय लिहिलंय? आत्ता खाली जाऊन बघा आणि कमेंटमध्ये सांगा. मॉडेलचं वर्षही लिहा. आणि घरात कुणी गाडी बघत फिरत असेल, तर ही पोस्ट त्याला पाठवा.